नान्नजच्या माळासाठी उच्च दर्जाची दुर्बीण: ८ पट की १० पट, आणि पैसे नेमके कशासाठी मोजायचे?

माळकरी

मंडळी, नमस्कार. गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालो. ग्रॅच्युइटीतील तीन लाखांपर्यंतची रक्कम एका चांगल्या दुर्बिणीसाठी बाजूला ठेवावी, अशी परवानगी घरातून मिळाली आहे. अट एवढीच की ही शेवटची. सोळा वर्षांपूर्वी मुंबईहून आणलेली ८×४० (म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची) ही साधी, बाकदार नळ्यांची पोरो दुर्बीण आजवर वापरली, परंतु तिच्या उजव्या नळीत आता बुरशीची जाळी दिसते आणि सकाळच्या गारव्यात आतून वाफ धरते.

माझा वापर असा आहे. महिन्यातून दोनदा सोलापूरजवळचा नान्नजचा माळ, अधूनमधून हिप्परगा तलाव, आणि हिवाळ्यात एखाद-दुसऱ्या वेळी उजनीचे पाणलोट. स्कूटरने जातो. वय ६१, चष्मा प्रोग्रेसिव्ह काचांचा. माळढोक दिसावा एवढे भाग्य आता फारसे कोणाला लाभत नाही. मात्र काळवीट, खोकड, गवतावरून उडणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी, जमिनीवर धावणारा धाविक पक्षी आणि नशीब असेल त्या दिवशी लांडगा, हे सारे निवांत न्याहाळावे अशी इच्छा आहे. मनात १०×४२ घ्यायचे जवळजवळ ठरले आहे, कारण एवढे पैसे घालायचे तर दूरचे दिसलेच पाहिजे. स्वारोव्स्की, झाइस, लायका आणि निकॉन या चारांपैकी काय घ्यावे, यावर अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

चंडोल

काका, आपण कंपनी आधी विचारली आहे. मी वेळेपासून सुरुवात करते. आपण माळावर किती वाजता असता? नान्नजला जाणारा माणूस सूर्योदयाला पोहोचतो, दहाच्या सुमारास भाकरी खाऊन परततो किंवा सावलीत बसतो, आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडतो. मधल्या वेळेत आपल्याकडच्या उघड्या माळावर जमिनीलगतची हवा तापून थरथरू लागते. दोनशे मीटरवरचे काळवीट पाण्याखाली उभे असल्यासारखे हलते. ही थरथर दुर्बिणीच्या बाहेर असते, त्यामुळे तीन लाखांची दुर्बीणही ती काढून टाकू शकत नाही. उलट जितके पट वाढवाल तितके पट ती थरथरही वाढवून दाखवेल. हाताच्या कंपाचेही तसेच आहे. फेब्रुवारीनंतर सोलापूरच्या उन्हात १० पटीने जे जास्तीचे मिळायला हवे, त्यातले बरेचसे या दोन गोष्टी खाऊन टाकतात, असा माझा अकरा हिवाळ्यांचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट दृष्टिक्षेत्राची. कंपन्या ते हजार मीटरवर किती मीटर रुंदीचा पट्टा दिसतो या स्वरूपात देतात. स्वारोव्स्कीच्या एनएल प्युअर मालिकेत ८×४२ चे दृष्टिक्षेत्र १५९ मीटर आहे आणि १०×४२ चे १३३. म्हणजे दोनशे मीटरवर एकीत साधारण ३२ मीटर रुंद माळ दिसतो आणि दुसरीत २७ मीटरांच्याही थोडा आत. हे आकडे या वर्गातले सर्वांत रुंद म्हणावेत असे आहेत. सामान्य १०×४२ मध्ये २० ते २३ मीटरच मिळतात. भोवत्या गवताच्या शेंड्यांवरून तिरका झोकांड्या देत जातो, मध्येच ताटव्यामागे उतरतो आणि भलतीकडून वर येतो. त्याला पुन्हा पकडायला रुंदी उपयोगी पडते, मोठेपणा नाही.

तिसरी गोष्ट उजेडाची. वस्तुभिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या मिलिमीटर जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ८×४२ मध्ये तो ५.२५, १०×४२ मध्ये ४.२ आणि ८×३२ मध्ये ४ मिलिमीटर असतो. दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून भर उन्हात या तिन्ही सारख्याच उजळ वाटतात. फरक पडतो तो संध्याकाळच्या शेवटच्या अर्ध्या तासात, आणि लांडग्याची वेळ नेमकी तीच आहे.

म्हणून माझे मत ८×४२. कंपनीचे नंतर बोलू.

सातरस्ता

चंडोल ताईंचा अनुभव मोठा आहे हे मान्य करूनही मी १० पटीची बाजू मांडतो, कारण या चर्चेत हिप्परग्याकडे कोणी बघितलेच नाही. तिथे बदके काठापासून तीन-चारशे मीटर आत बसतात. वारकरी हे काळे पाणपक्षी जवळ येतात, पण थापट्या, तलवार बदक आणि पट्टकादंब यांचे थवे लांबच राहतात. ८ पटीने 'बदके आहेत' एवढे कळते, १० पटीने मादी कोणत्या जातीची हे ठरवता येते. सकाळी पाण्यावरची हवा थंड असते, त्यामुळे थरथरीचा मुद्दा तिथे तितकासा लागू पडत नाही.

हात हलतो हे खरे, पण त्यावर उपाय आहेत. मी एकपायी स्टँडवर दुर्बीण टेकवतो. ते नसेल तर स्कूटरच्या सीटवर कोपर ठेवतो. कॅननची १०×४२ एल आयएस ही प्रतिमा स्थिर करणारी दुर्बीणही मी हाताळली आहे. बटण दाबताच चित्र जणू खिळ्याने ठोकल्यासारखे थांबते, आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास 'अरे!' म्हणतो. ती दोन पेन्सिल सेलवर चालते, वजन मात्र किलोच्या वर आहे आणि आकार विटेसारखा.

विजापूरवेस

मी या विषयात नवीन आहे, एक शंका विचारतो. परदेशी संकेतस्थळांवर याच कंपन्यांच्या दुर्बिणी 'हंटिंग' आणि 'बर्डिंग' अशा दोन वेगळ्या पानांवर दिसतात. हंटिंगवाल्या जास्त दणकट आणि उजळ असतात, असे एका मित्राने सांगितले. आपल्याकडे शिकार करायची नाही हे माहीत आहे, पण दुर्बीण म्हणून ती जास्त चांगली असेल तर तीच का घेऊ नये?

चंडोल

शंका योग्य आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीवर बंदी आली. या कंपन्यांची मोठी गिऱ्हाइके मात्र युरोप-अमेरिकेतले परवानाधारक शिकारी आहेत, आणि त्यांच्या गरजांतून दुर्बिणींचे काही प्रकार घडले आहेत. ते समजून घेतले की आपल्याला काय नको हे लवकर कळते.

जर्मनी-ऑस्ट्रियाकडे शिकारी माणूस जंगलाच्या कडेला उंच मचाणावर बसतो आणि रानडुकराची वाट पाहत अंधार पडेपर्यंत, कधी चांदण्यातही थांबतो. त्याच्यासाठी ८×५६ आहे: ७ मिलिमीटरचा झोत, मोठी भिंगे, भरपूर वजन. ती गळ्यात घालून फिरायची वस्तू नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम भागातला शिकारी एका टेकडीवर बसून समोरची टेकडी तासन्‌तास न्याहाळतो, म्हणून तो १५×५६ तिपाईवर लावतो. आल्प्सच्या डोंगरात चढणारा १०×४२ घेतो, आणि नेम धरण्यासाठी अंतर हवे म्हणून लेझरने अंतर मोजणारी दुर्बीण घेतो. आपल्याला काळवीट २८० मीटरवर आहे की ३१० वर, हे कळून काय करायचे आहे? त्या मोजमापाच्या यंत्रणेसाठी पैसे जातात, वजन वाढते आणि चित्रात किंचित रंगाची झाकही येऊ शकते.

पक्षी पाहणाऱ्याला रुंद दृष्टिक्षेत्र, चटकन फिरणारे फोकसचे चाक आणि दोन मीटरवरचे फुलपाखरूही स्पष्ट दिसेल असा जवळचा फोकस लागतो. ४२ मिलिमीटरच्या वर्गात मात्र बहुतेक वेळा दोन्ही पानांवर तीच दुर्बीण असते, फक्त छायाचित्रातल्या माणसाचा पोशाख बदललेला असतो. दणकटपणाही तोच. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून बंद केलेली, पाण्यात पडली तरी चालणारी रचना आता मध्यम किमतीतही मिळते.

यंत्रमाग

मी पक्षितज्ज्ञ नाही. चाळीस वर्षे मागांची फिटिंग केली आणि हौस म्हणून जुन्या दुर्बिणी उघडून जोडतो. त्यामुळे पैसे कशाचे मोजायचे, या शीर्षकातल्या दुसऱ्या प्रश्नावर बोलतो.

दुर्बिणीत मोठ्या भिंगातून येणारे चित्र उलटे असते. ते सुलटे करायला आत काचेचे लोलक बसवतात. इग्नात्सिओ पोरो या इटालियन माणसाने १८५४ मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिच्यामुळे जुन्या दुर्बिणींना तो खांद्यासारखा बाक असतो. माळकरी साहेबांची जुनी दुर्बीण तीच. आजच्या सरळ नळीच्या दुर्बिणीत 'रूफ' म्हणजे छपरासारख्या कोनाचा लोलक असतो. ती सुटसुटीत होते, पण दोन दुखणी घेऊन येते.

पहिले दुखणे असे की छपराच्या दोन उतारांवरून आलेले प्रकाशाचे दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत आणि चित्राची धार बोथट होते. १९८८ मध्ये झाइसने त्यावर फेज कोटिंग काढले. आता चांगल्या म्हणवणाऱ्या प्रत्येक दुर्बिणीत ते असते. ज्या खोक्यावर त्याचा उल्लेखच नाही, ती खाली ठेवावी. दुसरे दुखणे असे की सर्वाधिक वापरात असलेल्या श्मिट-पेखान लोलकाची एक बाजू आरशासारखी करावी लागते. तिथे ॲल्युमिनियम चढवले तर साधारण दहावा हिस्सा प्रकाश तिथेच जातो. चांदी चढवली तर पाच टक्क्यांपर्यंत जातो, आणि डायइलेक्ट्रिक म्हणतात ते अनेक पातळ थरांचे कोटिंग असेल तर एक टक्काही जात नाही. आबे-कोनिग नावाचा लोलक वापरला तर आरसा लागतच नाही, मात्र नळी लांब होते. झाइसच्या व्हिक्टरी एचटीमध्ये तो होता.

हे सगळे आता हजार डॉलरच्या दुर्बिणीतही मिळते. मग तीन हजार डॉलरच्या दुर्बिणीत अधिक काय? एक, काठापर्यंत सपाट आणि स्पष्ट चित्र. दोन, सूर्य समोर असताना आतल्या कडांवरून उडणारी चमक आवरलेली. तीन, पांढऱ्या आभाळावर काळी वस्तू पाहताना कडेला येणारी जांभळी-हिरवी रेघ जवळजवळ नाहीशी केलेली. चार, आणि हे कोणी लिहीत नाही, जोडणी. दोन नळ्या एकाच बिंदूकडे पाहत आहेत आणि वर्षानुवर्षे पाहत राहतील, हे साधायला फार नीट काम करावे लागते. तुमच्या मागाचा धोटा एका बाजूला केसभर मारू लागला तर कापड सांगते. दुर्बीण केसभर चुकली तर कापडाऐवजी तुमचे डोके सांगते. अर्ध्या तासाने कपाळ दुखते आणि माणसाला वाटते ऊन लागले.

मागे माझ्याकडे एक रूफ दुर्बीण आली होती. कंपनीचे नाव सांगत नाही. मालक म्हणाले, 'हल्ली चक्कर येते.' समोरच्या गच्चीच्या कठड्याची आडवी कड पाहत दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर लांब नेली, तर डाव्या गोलातला कठडा उजव्या गोलातल्या कठड्यापेक्षा स्पष्ट वर दिसला. उघडून पाहिले तेव्हा लोलकाच्या बुडाला लावलेल्या गोंदाच्या चार ठिपक्यांपैकी एक सुटून तपकिरी पापडीसारखा झाला होता आणि लोलक नखाच्या टोकाने हलत होता. दुर्बीण रोज मोटारसायकलच्या डिक्कीत उन्हात असे. ती मी परत जुळवली, पण आतला नायट्रोजन गेला तो गेलाच, घरी तो भरता येत नाही. म्हणून साहेब, कोणतीही घ्या, स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका. छातीवर घ्या.

माळकरी

यंत्रमाग साहेब, कबूल करतो की माझी जुनी दुर्बीण सोळा वर्षे डिक्कीतच प्रवास करीत आली आहे. चंडोल ताईंचे गणित पटले, तरी १० चा मोह अजून सुटलेला नाही. आणखी एक अडचण अशी की एका परिचितांची १०×४२ आठवडाभर वापरायला मिळाली. नाव मोठे आहे, पण मला तीत चित्र किंचित धुरकट वाटले आणि चष्मा लावून पाहताना गोलाच्या कडा कापल्या जातात. मग एवढा लौकिक कशाचा?

काचबिंदू

या नावाने लिहितो खरा, पण व्यवसाय डोळे तपासण्याचा आहे, त्यामुळे आपल्या दोन्ही तक्रारींवर थोडे लिहितो.

कडा कापल्या जाण्याचे कारण आय रिलीफ. नेत्रभिंगापासून डोळा जितक्या अंतरावर ठेवून पूर्ण गोल दिसतो, ते हे अंतर. चष्म्याची काच मध्ये आल्याने डोळा मागे राहतो, म्हणून चष्मेवाल्याला साधारण १६ ते १८ मिलिमीटर तरी हवे, आणि आयकप, म्हणजे नेत्रभिंगांभोवतीच्या वर-खाली फिरणाऱ्या कड्या, पूर्ण खाली फिरवून ठेवायला हवेत. परिचितांनी स्वतःसाठी वर उचललेले आयकप आपण तसेच ठेवले असण्याची शक्यता मोठी आहे. प्रोग्रेसिव्ह काचेत दूरचा नंबर वरच्या भागात असतो. दुर्बीण लावताना हनुवटी वर गेली तर आपण मधल्या किंवा खालच्या भागातून पाहता आणि चित्र बिघडते. ज्यांना केवळ साधा नंबर आहे त्यांना चष्मा काढूनही चालते, कारण तो फरक फोकसचे चाक भरून काढते. सिलिंड्रिकल नंबर चांगला असेल तर मात्र चष्मा लागतोच.

डायऑप्टरही, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढणारी कडी, जुळवून घ्या. उजवे भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकाने फोकस करा, मग डावे झाकून त्याच वस्तूवर उजव्या डोळ्यासाठी फक्त डायऑप्टरची कडी फिरवा. डोळे मिचकावू नका, झाका. मिचकावलेल्या डोळ्याने दुसरा डोळाही आवळला जातो.

आता धुरकटपणा. यासाठी दुर्बिणीला दोष देण्याआधी एकदा डोळे तपासून घ्यावेत. ६१ व्या वर्षी मोतीबिंदूची सुरुवात असणे अगदी सामान्य आहे, आणि ती एका डोळ्यात अधिक असेल तर रोजच्या व्यवहारात जाणवतही नाही. शिवाय वय वाढते तशी बाहुली अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही. तरुणपणी ती सात मिलिमीटरपर्यंत जाते. साठीत अनेकांची पाचच्या आसपास थांबते. म्हणून त्या ८×५६ चा ७ मिलिमीटरचा झोत आपल्या बुबुळावर सांडून वाया जाईल, आणि ८×४२ चा ५.२५ चा झोत आपल्याला जवळजवळ पूर्ण कामी येईल. चंडोल ताईंच्या शिफारशीला माझ्याकडून एवढी पुरवणी.

माळकरी

दहा दिवस लिहिले नाही याचे कारण डॉक्टरसाहेबांना कळले असेलच. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डावा ठीक आहे. शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये करू असे ठरले आहे. परिचितांच्या दुर्बिणीबद्दल मी येथे आणि घरी जे काही बोललो, ते मागे घेतो. आयकपही वरच होते.

घरात विचारणा झाली की, डोळ्याचे काम करायचे असताना दुर्बिणीला तीन लाख लागतातच का? माझ्याकडे तूर्त उत्तर नाही.

चंडोल

काका, उत्तर माळावरच शोधू. येत्या रविवारी मी नान्नजला जाणार आहे. माझी झाइस एसएफएल ८×४० आहे, मैत्रिणीकडे एनएल प्युअर ८×४२ आहे आणि सातरस्ता यांची १०×४२ आहेच. निकॉनची मोनार्क एचजी ८×४२ एका ओळखीच्यांकडून आणते. वन विभागाची परवानगी काढून ठेवते. आपण डाव्या डोळ्याने नीट पाहा आणि उजव्यासाठी डायऑप्टर जुळवून घ्या. लिहून ठेवायला वही आणा, कारण चार दुर्बिणी पाहून घरी गेल्यावर सगळे एकात मिसळते.

वजने आधीच सांगते: एनएल ८४० ग्रॅम, एचजी ६६५, एसएफएल ६४०. कागदावर हा दोनशे ग्रॅमांचा फरक किरकोळ वाटतो.

माळकरी

रविवारचा वृत्तान्त वहीवरून लिहितो, थोडा लांबेल.

सकाळी पावणेसातला पोहोचलो. पहिला तास चारही दुर्बिणी मला सारख्याच उत्तम वाटल्या आणि मनात थोडी निराशा आली. फरक दिसू लागला तो बाभळीच्या शेंड्यावर बसलेल्या घारीकडे पाहताना. मागे पांढरे आभाळ होते. माझ्या जुन्या पोरोमध्ये घारीच्या पाठीला इंद्रधनुष्यासारखी कड येते. एनएलमध्ये ती शोधूनही सापडली नाही. एचजी आणि एसएफएलमध्ये चित्राच्या मध्यभागी नाही, पण घार गोलाच्या काठाकडे सरकवली की बारीक जांभळी रेघ येते. घारीला काठावर ठेवून कोण पाहतो, असे सातरस्ता म्हणाले, ते मला पटले.

साडेआठच्या सुमारास भोवत्याची मादी आली. पांढुरक्या भोवत्याची की मॉन्टेग्यूच्या, यावर वाद झाला. चंडोल ताईंनी सांगितले की मानेभोवती फिकट पट्टी स्पष्ट दिसली तर पांढुरका. ८ पटीने मी तिला सलग पाहिले, ती वळली तेव्हा पट्टी दिसली. १० पटीने सातरस्तांनी ती माझ्याआधी ओळखली, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो; मात्र मी तीच १०×४२ हातात घेतल्यावर मादी दोनदा माझ्या हातून सुटली आणि दुसऱ्यांदा मला सापडलीच नाही. त्यांचा हात माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे.

दहानंतर चंडोल ताईंनी मुद्दाम दूरच्या काळविटांच्या कळपाकडे पाहायला लावले. नराची शिंगे ८ पटीने नागमोडी हलत होती, १० पटीने ती अधिक मोठी होऊन तितकीच अधिक हलत होती. पिळांची संख्या मोजण्याचा प्रयत्न दोन्हींत फसला. १० चा मोह सुटला तो त्या क्षणी.

एनएलबद्दल: डोळ्याला लावली की नळीतून पाहत आहोत ही जाणीवच जाते, समोर खिडकी उघडल्यासारखे वाटते. एवढे रुंद आणि काठापर्यंत स्वच्छ चित्र मी आयुष्यात पाहिले नव्हते. ती मधोमध बारीक केली असल्याने हातात बसतेही छान. परंतु काठापर्यंत सपाट असलेल्या त्या चित्रातून माळावर डावीकडून उजवीकडे नजर फिरवली, की जमीन एखाद्या मोठ्या पिंपावरून सरकल्यासारखी वाटते. चंडोल ताईंच्या मैत्रिणींना हे अजिबात जाणवत नाही. मला दर वेळी जाणवले.

संध्याकाळ महत्त्वाची होती. सूर्य मावळल्यावर सुमारे वीस मिनिटांनी, पडीक रानाच्या बांधावर एक प्राणी उभा राहिला. नुसत्या डोळ्यांना तो करडा ठिपका होता. एचजीतून पाहिले: लांब पाय, खाली धरलेली शेपटी, कुत्रा नव्हे हे नक्की. मग एनएल घेतली. त्याचे कान आमच्याकडे वळलेले आहेत, हे तीत दिसले. पुन्हा एचजी घेतली तर कान आहेत एवढे दिसत होते, कुठे वळले आहेत हे सांगता येत नव्हते. एसएफएलमध्ये एचजीसारखेच. त्यानंतर दहा मिनिटांनी तो बांधावरून उतरला आणि कोणत्याच दुर्बिणीत दिसेना.

घरी परतताना मी तो कानांचा फरक मनात तोलत होतो. त्या फरकाची किंमत दीड-दोन लाख आहे. आणि माझा उजवा डोळा त्या वेळी धड कामही करत नव्हता.

सातरस्ता

वृत्तान्त वाचला. भोवत्याचा मुद्दा नोंदवल्याबद्दल आभार. हिप्परग्याला मात्र मी १० पटीच घेऊन जाणार, आणि काका, तिथे आलात की बदकांसाठी माझ्याकडून मागून घ्यालच.

विजापूरवेस

माझे बजेट पंचवीस-तीस हजारांचेच आहे. हा सगळा धागा माझ्यासाठी नाही असे समजावे का?

चंडोल

मुळीच नाही. त्या किमतीत ८×४२, फेज कोटिंग आणि पाण्यापासून संरक्षण असलेली दुर्बीण मिळते. निकॉनची मोनार्क एम५ किंवा व्होर्टेक्सची डायमंडबॅक एचडी पाहा. सकाळच्या उजेडात पक्षी ओळखायला त्या पुरेशा आहेत. तुमचे डोळे तरुण आहेत, अर्धे काम तेच करतील. नियम वर सांगितले तेच: दुकानात ट्यूबलाइटखाली पाहून ठरवू नका, बाहेर या, आभाळासमोरचा कावळा पाहा, आणि शक्य असेल तर दिवेलागणीला पाहा.

यंत्रमाग

एक राहिले: साफसफाई. आपल्या माळाची धूळ बारीक असते, पण तीत दगडाचा कण असतो. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी भिंगांचे कापड. टॉवेल आपल्या सोलापूरचा असला, जगभर जात असला, तरी अंग पुसायला आहे. माझ्याकडे आलेल्या दहांतल्या सहा दुर्बिणींच्या भिंगांवर टॉवेलाने पुसल्याचे गोल ओरखडे असतात. डास पळवण्याचे मलम लावलेल्या हातानेही धरू नका, त्यातले डीट रबर आणि प्लास्टिक खाते. आणि पावसाळ्यात चामड्याच्या किंवा कापडी पेटीत कोंडून ठेवण्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. तुमच्या जुन्या दुर्बिणीतली जाळी कपाटातच धरली असणार.

माळकरी

मोनार्क एचजी ८×४२ मागवली. उरलेल्या पैशांतून एप्रिलमध्ये डोळ्याचे काम होईल. त्यानंतर पुन्हा एकदा मैत्रिणींची एनएल मागून घेऊन त्याच बांधावर पाहणार आहे. तेव्हा कानांचा फरक वाढला तर घरात पुढे काय बोलायचे, हे तेव्हा बघू.

काल खोके आले. यंत्रमाग साहेबांनी सांगितल्याप्रमाणे गच्चीवर जाऊन मोबाइल टॉवरची आडवी पट्टी पाहिली आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून मागे नेली. दोन्ही गोलांतली पट्टी एकाच उंचीवर आहे. छातीवरचा दुहेरी पट्टाही घेतला आहे. जुनी पोरो यंत्रमाग साहेबांकडे कोणत्या दिवशी घेऊन येऊ?

यंत्रमाग

गुरुवारी या, वीज नसते तेव्हा माग बंद असतात. डिक्कीत आणलीत तरी चालेल, तिचे आता काही बिघडायचे राहिलेले नाही.